बाकावरचं अर्थशास्त्र

अण्णांच्या दुकानाच्या भिंतीवर एक वाक्य रंगवायचं ठरलं, आणि वहिनींच्या जिवाला घोर लागला.

तसं सगळं चांगल्यासाठीच चाललं होतं. अण्णा जाऊन वर्ष होत आलं होतं. दाढी-कटिंगचं ते लहानसं दुकान आता मुलाच्या हाती आलं होतं. त्यानं पारा उडालेले आरसे काढून नवे बसवले, भिंतींना पांढरा रंग दिला आणि आरशांच्या वर एक लांब पट्टी मोकळी ठेवली.

"आई, तिथं अण्णांचं ते वाक्य लिहून घेऊ," तो म्हणाला. "पेंटरला सोमवारी बोलावलंय. पण वाक्य अचूक हवं हं. पुस्तकात आहे तस्संच, आणि खाली लिहिणाऱ्याचं नाव. हल्ली शिकलेली पोरं येतात कटिंगला. एखाद्यानं चूक काढली तर अण्णांचं हसं व्हायचं."

"मग काढ की शोधून पुस्तकातून."

"मी? एवढ्या जाड्या पुस्तकातून? मला जेवायला फुरसत नाही. तूच बघ ना, दुपारची रिकामीच असतेस."

'रिकामी' या शब्दावर एरवी वहिनींनी त्याला चांगलंच धारेवर धरलं असतं. पण त्या दिवशी त्यांनी तो शब्द कानाआड केला. कारण ते वाक्य त्यांना तोंडपाठ होतं, पुस्तक मात्र त्यांनी जन्मात उघडलं नव्हतं. उघडणार नाही असं नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. त्या पुस्तकाला त्या 'सवत' म्हणायच्या, आणि ते नुसतं थट्टेत नव्हतं.

बाकावर बसणारं सगळं गिऱ्हाईक त्यांना वहिनी म्हणायचं, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. दुकान रस्त्याच्या अंगाला, घर मागे, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे त्या टॉवेल धुवायच्या, वाळवायच्या, घड्या घालायच्या, दाढीचं पाणी तापवून द्यायच्या. पलीकडे अण्णांची एक खुर्ची, एक बाक, आणि बोलण्याचा अखंड आवाज. त्या पडद्याआडून त्यांनी अख्ख्या गल्लीचं आयुष्य ऐकलं होतं. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं. त्यांना खाकरण्यावरून माणूस ओळखता यायचा.

ते पुस्तक घरात आलं तेसुद्धा वाचायला म्हणून नव्हे, बसायला म्हणून. लहान मुलांचे केस कापताना खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची आणि मुलाला वर बसवायचं, अशी अण्णांची पद्धत. एक दिवस एका गुटगुटीत पोरानं वर उड्या मारून फळीच मोडली. सुताराला वेळ नव्हता. अण्णा कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेले आणि तिथलं सगळ्यात जाडं, सगळ्यात टणक पुस्तक उचलून आणलं. निळं कापडी पुठ्ठ्याचं, पाठीवरची सोनेरी अक्षरं पार उडालेली. कुणा जुन्या काळच्या परदेशी विद्वानाचा अर्थशास्त्राचा ग्रंथ, आपल्या भाषेत आणलेला. पुढे किती तरी दिवस गल्लीतली पोरं त्या ग्रंथावर बसून, नाक पुसत आणि भोकाड पसरत केस कापून घेत होती. एवढा सगळ्यांच्या उपयोगी पडलेला ग्रंथ दुसरा नसेल.

मग एका दुपारी वीज गेली. रेडिओ मुका झाला. बाकावर बसचे एक ड्रायव्हर बसले होते, त्यांना गप्प बसवायचं नाही. एक पोरगं नुकतंच खुर्चीवरून उतरलं होतं. ड्रायव्हरनी ते गरम झालेलं पुस्तक उचललं.

"अण्णा, पोरांच्या बुडाखाली एवढं ज्ञान दाबून ठेवलंय होय?" असं म्हणून त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि थांब्यांची नावं पुकारावीत तशा सुरात वाचायला लागले. मजुरी कशावरून ठरते, कोण ठरवतो, ज्याला थांबायला सवड आहे त्याचं कसं चालतं आणि ज्याची चूल थांबत नाही त्याचं कसं, असलं काहीतरी होतं. बाकावरचे बाकीचे हसत होते. अण्णांचा फेसाचा ब्रश मात्र गिऱ्हाइकाच्या गालावर तसाच थांबला.

"थांब रे. परत वाच."

"काय परत वाच? मी थट्टा करत होतो."

"तू कर थट्टा. पण परत वाच."

त्या दिवसापासून दुकानात नियमच झाला. खुर्ची रिकामी होईपर्यंत जो बाकावर बसेल त्यानं एक पान मोठ्यानं वाचायचं. अण्णांना स्वतःला वाचता येत नव्हतं असं नाही. सातवीपर्यंत शाळा झाली होती. पण दिवसभर हात ओले, आणि दुकान बंद करेपर्यंत लोकांच्या कानामागे बघून बघून डोळे आंबलेले. म्हणून त्यांनी सगळं पुस्तक कानानं वाचायचं ठरवलं. खूण म्हणून वस्तरा घासायच्या जुन्या चामडी पट्ट्याची एक चिंधोटी कापून पानात घातली. सुतारानं नवी फळी करून दिली. पुस्तक पोरांच्या खालून निघालं आणि बाकावर बसलं ते बसलंच.

गिऱ्हाइकांनी आधी खूप कुरकुर केली. "अहो अण्णा, दाढीला आलोय, परीक्षेला नाही!" पण अण्णांचा हात हलका होता, आणि तसा हात आसपास कुणाचा नव्हता. म्हणून वाचायचे बिचारे. अण्णा दाढी करता करता ऐकायचे, मध्येच गिऱ्हाइकाला विचारायचे, "पटतं का हो?" गळ्यावर वस्तरा असताना कोण नाही म्हणणार! नुसतं 'हूं' यायचं. त्यामुळे या दुकानात त्या ग्रंथाला फारसा विरोध असा कधी झालाच नाही.

विरोध व्हायचा तो बाकावरून. हेडक्लार्क म्हणून एक गृहस्थ यायचे, कुठल्याशा कचेरीत होते. ते पान असं वाचायचे की नोटीस बजावतायत असं वाटावं. एकदा वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मांडीवर मिटलं. "अण्णा, रागावू नका. पण असली पुस्तकं आपल्यासारख्यांसाठी नसतात. ती वरच्यांनी वाचायची. त्यांनी ती वाचून हुकूम काढायचे आणि आपण ते हुकूम वाचायचे. आपल्याला एवढं वाचन बास झालं."

"बरोबर आहे," ड्रायव्हर म्हणाले. "माझ्या बसमधले लोक इंजिन शिकून थोडेच बसतात?"

"नाही ना," अण्णा म्हणाले. "पण गाडी बंद पडली की खाली उतरून ढकलायला कुणाला लावतोस?"

"त्यांनाच लावणार. माझ्या बापाला लावू?"

"मग तेवढ्यापुरतं तरी बॉनेटमध्ये डोकावू दे की त्यांना."

बाकावर हशा झाला. पडद्याआड वहिनीही हसल्या, पण नवऱ्याला ऐकू जाऊ दिलं नाही. त्यांचं म्हणणं हेडक्लार्कसारखंच होतं. रात्री जेवताना त्या म्हणायच्या, "अहो, आपल्यासारख्यांना काय करायचीत असली पुस्तकं? भाव वाढायचे ते वाढतातच. त्या पुस्तकानं एक दिवस तरी कांदा स्वस्त झाला का? त्यापेक्षा देवाचं नाव घ्यावं, मनाला शांती तरी लाभते."

अण्णा हसायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "अगं, केस कापून झाल्यावर मी मागून दुसरा आरसा धरतो की नाही? पुढचा आरसा सगळ्यांच्याच घरी असतो. मानेमागे काय चाललंय ते बघायला दुसरा लागतो. हे पुस्तक म्हणजे तो दुसरा आरसा."

"मानेमागचं बघून करायचंय काय? तिथं आपला हात तर पोचत नाही."

"हात पोचत नाही म्हणूनच बघायचं. निदान सांगता तरी येतं, बाबा रे, इथं वेडंवाकडं कापलंयस."

मग वहिनी ताट उचलायच्या. एकदाच, फक्त एकदाच अण्णा म्हणाले होते, "तू वाच ना गं एखादं पान. तुझा आवाज किती गोड आहे वाचताना." त्या रोज सकाळी प्रार्थनेची छोटी पुस्तिका मोठ्यानं वाचायच्या, ते अण्णा अंथरुणात पडल्या पडल्या ऐकायचे. वहिनी म्हणाल्या, "मला माझं वाचन पुरे आहे. तुमची सवत तुम्ही सांभाळा." अण्णांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ते तसे मानी होते.

त्या पुस्तकानं अण्णांचं काही भलं झालं का, तर दिसण्यासारखं काही झालं नाही. समोरच काचेच्या दाराचं, पंख्यांचं, गुलाबी खुर्च्यांचं नवं सलून निघालं तेव्हा नेमकं स्पर्धेवरचं प्रकरण चालू होतं. ड्रायव्हरनी वाचलं, की दुकानं वाढली म्हणजे गिऱ्हाइकाचा फायदा होतो.

"आणि तुमचं काय होतं, अण्णा?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी समोरच्या गुलाबी खुर्च्यांकडे बघितलं. "माझ्याबद्दल पुढच्या पानावर असेल," ते म्हणाले. "वाच, वाच."

बाकावर चांगलं वाचणारे एकच होते, ते म्हणजे भट्टीवाले. गल्लीच्या टोकाला बेकरी होती, तिथं भट्टीवर काम करायचे. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी यायचे. आडव्या अंगाचे, पापण्यांवर पिठाची भुकटी, हाताला भाजल्याचे जुने डाग. सुरुवातीला त्यांनी एक-दोनदा घसा बसल्याचं सांगून पान चुकवलं होतं. ड्रायव्हर त्यांच्या मागेच लागले, "भट्टीवाले, तुमचा घसा बरा दाढीच्या दिवशीच बसतो!" मग त्यांनी हात धुऊन, पुसून पुस्तक घेतलं, लांब धरलं आणि वाचायला लागले. सगळे बघतच राहिले. त्यांचा आवाज जड आणि सावकाश होता. ते वाचायचे ते सगळ्यांना कळायचं. हेडक्लार्कनी वाचलं की भांडवल, उत्पादन, विनिमय असं काय काय उडत यायचं. भट्टीवाल्यांनी वाचलं की पीठ यायचं, सरपण यायचं, पहाटे उठणारी माणसं यायची.

"आज पुस्तकात भट्टी फार तापलीय," ड्रायव्हर म्हणायचे.

"मोठं पुस्तक आहे," अण्णा म्हणायचे. "त्यात सगळ्यांसाठी जागा असते."

वहिनीसुद्धा त्या दिवशी टॉवेलाची घडी हातात तशीच धरून पडद्याआड उभ्या राहायच्या. त्यांना वाटायचं, भट्टीवाल्या भाऊजींच्या तोंडून ऐकलं तर ही सवत तशी वाईट नाही. एक गोष्ट मात्र त्यांना खटकायची. भट्टीवाले वाचून झाल्यावर पान उलटायचे आणि खुणेची चिंधोटी पुढे सरकवायचे. ते दाढी करून गेले की अण्णा ओल्या हातानंच यायचे आणि ती चिंधोटी परत मागच्या जागी घालायचे. वहिनींनी एकदा बघितलं आणि म्हटलं, "अहो, तेच पान पुन्हा? विसरायला लागलात की काय?"

"पान तिथंच राहू दे," अण्णा एवढंच म्हणाले आणि हात पुसत खुर्चीकडे वळले.

ते वाक्य भट्टीवाल्यांच्याच पानात आलं होतं. खुर्चीत कोणी परगावचं गिऱ्हाईक होतं, पहिल्यांदाच आलेलं. अण्णांनी त्याची मान मागे टेकवली, वस्तरा गळ्याला लावला, आणि त्या माणसानं निवांत डोळे मिटले. पडद्याच्या फटीतून वहिनींना ते दिसत होतं. भट्टीवाले जरा थांबले, पुस्तकावरून खुर्चीकडे बघितलं, मग वाचलं:

"बाजारात सगळं विकत मिळतं. पण परक्याच्या हाती मान देऊन डोळे मिटायला जो भरवसा लागतो तो विकत मिळत नाही. आणि त्याच्यावाचून एकही दुकान उघडत नाही."

अण्णांनी वस्तरा पुसला. दुपारी जेवायला आत आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता, की जणू कोणी त्यांना माळ घातली असावी. "ऐकलंस? एवढ्या मोठ्या ग्रंथात आमचं दुकान आहे!" पुढे आयुष्यभर त्यांनी ते वाक्य सांगितलं. नव्या गिऱ्हाइकाला, मुलाच्या मित्रांना, समोरच्या गुलाबी सलूनवाल्यालासुद्धा. आणि वहिनींनी वाद घातला की शेवटी हेच. "पुस्तकानं काय दिलं म्हणतेस ना? हे दिलं."

म्हणून आता घोर लागला होता. वाक्य सापडलं, तर अण्णा खरे आणि आपण उगाच त्यांना आयुष्यभर टोचत राहिलो. नाही सापडलं, तर?

मंगळवारी दुपारी वहिनींनी हात जोडले, चष्मा पुसला आणि सवतीला मांडीवर घेतलं. पुठ्ठ्याला अजून दाढीच्या साबणाचा वास होता. काही पानांवर फेसाचे वाळलेले डाग, काहींवर केसांचे तुकडे, आणि पहिल्या प्रकरणात एका पानाला कुण्या पोरानं चावलेलं. त्यांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, कारण मधूनच शोधायला गेलं तर नजरेतून निसटेल अशी भीती.

काय सांगावं, पहिले दोन दिवस त्यांना झोपच येत होती. एकेक वाक्य इतकं लांब, की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात कुणाची होती ते विसरायला व्हायचं. सून हसली. "आई, पुस्तक वाचताय की पुस्तक तुम्हाला थोपटतंय?" पण वहिनी हट्टाला पेटल्या. जिथं कळेना तिथं त्यांनी एक युक्ती केली. ते पान अण्णांच्या बाकावर कोण वाचत होतं ते मनात आणायचं. हे हेडक्लार्कचं. हे ड्रायव्हरचं, इथं ते नक्की अडखळले असणार आणि एखादी शिवी गिळली असणार. मग आवाज ऐकू यायला लागला आणि पान पुढे सरकायला लागलं.

आणि मधूनच एखादी जागा अशी यायची, की त्या चष्मा काढून बसायच्या. घरात बाई जे राबते ते कुठल्या हिशेबात धरायचं, याबद्दल त्या जुन्या परदेशी माणसानं दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि पुढे निघून गेला होता. वहिनींना त्याचा असा राग आला म्हणता! "थांब ना मेल्या, नीट सांग की!" असं त्या मोठ्यानं बोलल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण त्या माणसाशी भांडतोय. अण्णा असते तर पडदा सारून आत आले असते आणि म्हणाले असते, पटतं का गं? किती वर्षं ते त्या पडद्यापलीकडून वाट बघत होते कुणास ठाऊक. सांगायला खूप होतं आता, आणि ऐकणारा नव्हता.

रविवारी सकाळी पुस्तक संपलं. वाक्य नव्हतं.

त्यांनी शेवटची प्रकरणं परत चाळली. भरवशाबद्दल कुठं कुठं होतं, पण मान नव्हती, मिटलेले डोळे नव्हते, दुकान उघडणं नव्हतं. त्या देवापुढे बसल्या, पण प्रार्थनेत मन लागेना. अण्णा खोटं बोलले? आयुष्यभर? ज्या एका वाक्यावर त्यांनी बायकोचं तोंड बंद केलं, ते त्या पुस्तकात नव्हतंच? की म्हाताऱ्यानं चुकीचं ऐकलं आणि तेच उराशी धरून बसला? यातलं काय सोसायला सोपं, तेही त्यांना ठरवता येईना.

रविवारीच भट्टीवाले दाढीला आले. हल्ली भट्टीवर जात नव्हते, गुडघे गेले होते, पण दाढीचा नेम चुकला नव्हता. बाकावर दुसरं कोणी नव्हतं, आणि मुलगा एका कॉलेजच्या पोराच्या डोक्याशी झटत होता. वहिनी पुस्तक घेऊन पडद्याबाहेर आल्या.

"भाऊजी, बरे आहात ना?"

"चाललंय वहिनी. देवाची कृपा."

"एक काम होतं. अण्णांचं ते भरवशाचं वाक्य भिंतीवर घालायचंय. तुम्हीच वाचलं होतंत ना? कुठल्या भागात होतं आठवतं का? माझ्या डोळ्यांना काही सापडत नाही बघा."

भट्टीवाल्यांनी पुस्तक घेण्याआधी धोतराला हात पुसले, पूर्वी पुसायचे तसेच. पुस्तक लांब धरलं. पानं उलटत गेले, उलटत गेले, आणि पार शेवटाला येऊन थांबले. वहिनी त्यांच्या खांद्यामागे उभ्या होत्या. भट्टीवाल्यांनी घसा साफ केला. आवाज म्हातारा झाला होता, पण तोच होता, जड आणि सावकाश.

"हे बघा, हे इथं. बाजारात सगळं विकत मिळतं. पण परक्याच्या हाती मान देऊन…"

वहिनींनी त्यांच्या बोटाखाली बघितलं. पुस्तकाच्या शेवटी असते ती शब्दांची सूची होती. एकाखाली एक शब्द, आणि प्रत्येकापुढे पानांचे आकडे. भट्टीवाल्यांचं बोट आकड्यांवरून, मोकळ्या जागेवरून, खालच्या रेघेवरून एकाच चालीनं पुढे जात होतं. वाक्य संपेपर्यंत ते बोट थांबलं नाही.

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. आणि मग त्यांना सगळं एकदम दिसलं. बसलेला घसा. पिठाची आणि सरपणाची पानं. पुस्तकावरून खुर्चीकडे गेलेली नजर. आणि ओल्या हातानं येऊन चिंधोटी मागे सरकवणारे अण्णा, ज्यांना त्या विसराळू समजल्या होत्या. अण्णांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. न वाचलेलं पान ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. बायकोपुढेसुद्धा नाही. आणि आयुष्यभर सगळ्यांना सांगत फिरले, 'पुस्तकात आहे', म्हणजे कुणी विचारू नये की मग कुठून आलं.

"सापडलं ना?" भट्टीवाल्यांनी विचारलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"सापडलं हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडे दिलं म्हणून सापडलं." त्यांनी पुस्तक घेतलं, चामड्याची चिंधोटी होती तिथंच नीट दाबली. "पान तिथंच राहू दे."

भट्टीवाल्यांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. हे शब्द त्यांच्या कानावर पूर्वी कधी पडले होते की नव्हते, देव जाणे. खुर्ची रिकामी झाली तसे उठले, बसले, मान मागे टेकवली आणि डोळे मिटले.

सोमवारी पेंटर आला, शिडी लावली, दोरीनं सरळ रेघ आखली. वहिनींनी वाक्य सांगितलं, त्यानं लिहिलं. निळी अक्षरं, छान गोल. शेवटचा शब्द झाल्यावर त्यानं ब्रश थांबवला. "खाली नाव कुणाचं?"

"पुस्तकावर आहे ना, ते घाल," मुलगा म्हणाला.

"ते नको," वहिनी म्हणाल्या. "लिही, 'बाकावरून'."

"बाकावरून? असं कुठं असतं आई? मग पुस्तकात सापडलं नाही का?"

"सापडलं तिथलंच लिहितेय मी. तू तुझी कात्री चालव."

मुलानं आईच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. तसा तो बापावरच गेला होता.

रंग वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. भट्टीवाले आज दाढीचा दिवस नसतानाही काठी टेकत आले, दारात उभे राहिले आणि भिंतीकडे बघू लागले. निळ्या अक्षरांवरून त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, मग परत आली. "अक्षर झकास काढलंय," ते म्हणाले.

"थांबा भाऊजी, काना-मात्रा तपासायची राहिलीय," वहिनी पदर खोचत पुढे आल्या. आणि सकाळची प्रार्थना वाचावी तशा, खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करून त्यांनी भिंत वाचली. बाजारापासून शेवटच्या 'बाकावरून'पर्यंत.

भट्टीवाले ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "असंच होतं."

मग ते बाकावर बसले, घाई नसलेल्या माणसासारखे. वहिनींनी जाडं पुस्तक त्यांच्या शेजारी ठेवलं, स्वतः पलीकडे टेकल्या आणि चष्मा लावला.

"बसाच आता," त्या म्हणाल्या. "एका ठिकाणी त्या माणसानं बायकांच्या कामाबद्दल दोन ओळी लिहून पळ काढलाय. वाचून दाखवते, आणि मग सांगा मला, पटतं का."